शेजारच्या सीटचा पट्टा

कान्हे गावात हौशीराम आबांच्या ओसरीवर जेवणं झाल्यावर पोरं बसली होती. त्यांचा नातू सार्थक दुपारीच नव्या गाडीतून लोणावळ्याला जाऊन आला होता. पट्टा न लावताही गाडीला गप्प कसं करायचं, ते तो बहिणीला, प्रेरणाला, सांगत होता. आबा वालाच्या शेंगा सोलत ऐकत होते. त्यांनी सूप बाजूला सारलं.

“जानूचा कैलास ठावं हाय ना? त्याचं सांगतो. त्याच्या तोंडून ऐकलंय, आन् शेवटचं ह्या डोळ्यांनी बघितलंय.”

मग ते सांगू लागले.

जानूभाऊंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवा चष्मा लोणावळ्याच्या दुकानात तयार होता, तो आणायचा, एवढंच काम. गेल्या वर्षीची गोष्ट. अकरा डिसेंबर, मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. कैलास तळेगावच्या कंपनीतून सुटला तो थेट लोणावळ्याला गेला. चष्मा ताब्यात घेतला, कटिंग चहा मारला आणि पावणेआठला परतीला लागला. वद्य पक्ष होता, चंद्र उगवायला मध्यरात्र होणार होती. जुन्या हायवेवर धुकं उतरत होतं.

गाडी त्यानं चार महिन्यांपूर्वी घेतलेली, सेकंडहँड. एकाच हातातली आहे, साधा ओरखडाही नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. अपघातात फुगणारा हवेचा फुगा एकच, स्टिअरिंगमधला. पट्टा मात्र कैलासला सोसायचा नाही. छातीवर कुणी हात ठेवून बसल्यासारखं वाटतं, म्हणायचा. आता पट्टा न लावता गाडी हलवली की टुंग-टुंग सुरू. म्हणून त्यानं बाजारातून पत्र्याची एक जीभ आणली होती. ती पट्ट्याच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटतं, माणसानं पट्टा लावलाय.

वलवण मागे पडलं. कार्ल्याचा फाटाही गेला. आणि टुंग-टुंग वाजायला लागलं.

कैलासनं खाचेत चाचपून बघितलं. जीभ जागच्या जागी होती. समोर बघितलं, तर लाल दिवा शेजारच्या सीटचा. तिथं माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नसला, तरच तो दिवा लागतो. सीटवर चष्म्याची पिशवी तेवढी होती. त्यानं ती उचलून मागे टाकली.

टुंग-टुंग चालूच.

तेवढ्यात बायकोचा, प्रतीक्षाचा, फोन आला. त्यानं तो स्पीकरवर घेतला.

“कुठपर्यंत आलात?”

“कार्ल्याच्या पुढं. येतोच.”

“ते काय वाजतंय?”

“पट्ट्याचं.”

“मग लावा की.”

“माझा नाही गं. शेजारच्या सीटचा.”

“शेजारी कोण आहे?”

“कोणी नाही.”

प्रतीक्षा हळूच म्हणाली, “अहो... मग एवढं जोरजोरात श्वास कोण घेतंय?”

कैलासनं फोन कापला.

त्याला काही ऐकू येत नव्हतं. फक्त टुंग-टुंग. पण डाव्या दाराची काच... तेवढी एकच काच धुरकट झाली होती. आतून. त्याच्या डोळ्यांदेखत ती धुरकट होई, निवळे, पुन्हा धुरकट होई.

एका ढाब्याच्या उजेडात त्यानं गाडी उभी केली. वायरिंग बिघडलंय, स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. सीटवर हात ठेवला. गादी खाली दबलेली होती. हात काढला, तरी वर आली नाही.

शेजारचा पट्टा ओढून लावला असता, तर काम झालं असतं. पण त्यासाठी त्या सीटवरून पलीकडे हात न्यायला हवा होता. बसलेल्या माणसाच्या अंगावरून नेतात तसा. ते त्याच्याच्यानं होईना. मग त्यानं आपल्या खाचेतली पत्र्याची जीभ उपसली आणि शेजारच्या खाचेत खुपसली.

तो दिवा विझला. गाडी हलली, तशी आता त्याच्याच सीटची टुंग-टुंग सुरू झाली. दुसरी जीभ नव्हती. एक शिवी हासडून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मनानं स्वतःचा पट्टा ओढला आणि अडकवला.

खट्.

सगळं शांत.

एक किलोमीटर गेला असेल. डावीकडून आवाज आला. सर्र... पट्टा ओढल्यासारखा. त्यानं मान वळवली नाही. वेग वाढवला. ऐंशीच्या पुढे.

सर्र...

मग, टक्.

लोखंडावर लोखंड. खाली, दोन सीटांच्या मध्ये. टक्. टक्. कुणीतरी पट्टा अडकवायला बघत होतं. खाच भरलेली होती. अडकत नव्हता. टक्. टक्. टक्. घाईघाईनं. फार घाईघाईनं...

कैलासनं डावीकडे बघितलं.

आबा इथं थांबले. प्रेरणानं विचारलं, “काय दिसलं, आबा?”

“त्यानं सांगितलं न्हाई. मी इचारलं न्हाई.”

कैलासनं नजर पुन्हा समोर नेली, तेव्हा धुक्यात ट्रक उभा होता. बंद पडलेला, मागे एक दिवा नाही. ब्रेकवर पाय गेला तेवढाच.

जवळच्या दुसऱ्या एका ढाब्यावरची माणसं धावत आली. बॉनेट ट्रकखाली गेलं होतं. कैलास पट्ट्यात लटकलेला. गळपट्टीचं हाड मोडलं, तीन बरगड्या गेल्या. पण जिवंत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा शर्ट कापला, तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत काळानिळा वळ उठलेला. डॉक्टर म्हणाले, “हा वळ जपा. पट्टा नसता, तर तुम्ही काच फोडून बाहेर गेला असता.”

पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. गाडीतून काढल्यापासून तो एकच विचारत होता. “शेजारच्या बाईंना काढलं का?”

माणसांनी तासभर टॉर्च लावून रस्त्याकडेची झाडी धुंडाळली. कुणी सापडलं नाही. शेवटी पोलिसांनी लिहून घेतलं, गाडीत एकटा चालक.

आबांनी पाण्याचा घोट घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “पाचव्या दिशी मी आन् जानू गाडीतले कागद आणाया गेलतो. पोलिसांनी ती आडबाजूच्या वाड्यात लावलेली व्हती, दारं दोरीनं बांधून. कैलासच्या समूरची काच शाबूत व्हती. लय झालं तर दोन तडे. तिचीच डावी बाजू मात्र... बसल्या माणसाचं डोस्कं येतं ना, बरोबर तितं... चक्रावानी फुटलेली. फुगून भाईर आलेली. म्हंजी मार आतनं बसलेला.

जानू म्हनला, ट्रकचं काय लागलं आसंल. मी आत वाकलो. फुटलेल्याच्या मदोमद, तड्यात, एक मरून रंगाची टिकली अडकली व्हती. कुनी काचंला चिकटवली आसंल, म्हनून मी बोट लावलं.

रंगाची बाजू काचंकडं व्हती, पोरांनो. गोंदाची बाजू सीटकडं.”