बारा चाळीसची नोंद

साक्रीच्या पश्चिमेला, कांद्याच्या शेतांना लागून एक उघडा माळ आहे. तिथे कामिनीची पवनचक्की उभी होती. डोंगरावरच्या कंपन्यांच्या पवनचक्क्यांपुढे ती म्हणजे हत्तीपुढे शेळी. तीन लोखंडी पायांचा मनोरा, चढायला शिडी आणि वर तीन पाती. एका वाडीला वीज पुरवील असा हा पहिलाच नमुना. आराखडा धरणगावच्या कामिनीचा, पाती घडवली धुळ्याच्या इसाकभाईंनी. दीड महिना चाचणी चालली होती. आकडे पटले तर पुण्याची संस्था मंजुरी देणार होती.

पुण्याहून मंजुरीऐवजी पत्र आलं. ‘रोज दुपारी बारा चाळीसला वाऱ्याचा वेग शून्य, तरी पाती फिरत आहेत. आकडे घरी बसून भरलेले दिसतात.’

कामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बसून! चैत्राच्या उन्हात तिच्या नाकाची सालटं निघाली होती. खोटंच लिहायचं असतं, तर असलं न पटणारं खोटं कोण लिहील?

खरं होतं ते असं. बारा चाळीसला वारा पडायचा. वेगमापकाच्या वाट्या थांबायच्या, मनोऱ्याला बांधलेली चिंधी लोंबकळायची. आणि पाती हळूच फिरू लागायची. मिनिटाला बावीस फेरे, एक कमी नाही की जास्त नाही. अकरा मिनिटांनी थांबायची.

तिने सगळं करून पाहिलं होतं. मनोऱ्याला ओळंबा लावला, बेअरिंग दोनदा बदलली. बॅटरीची वीज उलटी जाऊन पाती फिरत असतील म्हणून जनरेटरच्या तारा सोडवल्या. तरी बावीस फेरे. इसाकभाईंनी वर जाऊन हाताने पातं धरलं आणि लगेच सोडलं.

“बेटा, यात वजन आहे,” ते खाली येऊन म्हणाले. “लोखंडाचं नाही.” त्यानंतर ते शिडी चढले नाहीत.

आणि रोज मनोऱ्याच्या पूर्वेला कोंडा पडलेला असायचा. दादर ज्वारीचा, ताजा. आसपास दोन कोसांत दादर कुणी पेरली नव्हती.

पत्राला उत्तर म्हणून कामिनीने एकच ओळ लिहिली : ‘या आणि डोळ्यांनी बघा.’

पुण्याच्या संस्थेचे साहेब मंगळवारी आले. जागेची मालकीण भागाबाई पाण्याची कळशी घेऊन आली होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई. एरवी ती दुपारी माळावर फिरकत नसे.

“रोज याच वेळेला?” साहेबांनी विचारलं.

“रोज.”

बारा चाळीस झाले. चिंधी लोंबली. वाट्या थांबल्या. पाती फिरू लागली. साहेबांनी स्वतःचं यंत्र हवेत धरलं, झटकलं, पुन्हा धरलं. शून्य.

भागाबाई वर बघत होती. “आठे आमनं खळं व्हतं,” ती अचानक म्हणाली. “तुम्हना मनोरा शे ना, तठेच तिवई मांडूत.”

उपणणीची तीन पायांची उंच घडवंची म्हणजे तिवई. तिच्यावर उभं राहून टोपलीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं. आणि खळ्याच्या मालकिणीने ‘उतर’ म्हटल्याशिवाय उपणणाऱ्याने खाली पाय ठेवायचा नाही, नाहीतर राशीची बरकत जाते, अशी तिकडची रीत.

“मनी देराणी, धाकली जाऊ कोकिळा, चढेल व्हती. याच येळले वारा पडना. तीनदा इचारं तिनी, ‘अक्का, उतरू का?’ मले तिना राग व्हता. मना तोंडमाईन ‘उतर’ निंघनंच नही.” भागाबाईने पदराने तोंड पुसलं. “मंग ती वरतीनच पडनी. लोके म्हनेत, ऊन लागनं.”

“तुम्ही काय सांगितलंत लोकांना?” कामिनीने विचारलं.

“मी बी तेच.”

साहेबांनी पेन उघडलं. “मॅडम, मशीन चांगलं आहे. या बारा चाळीसच्या नोंदी तेवढ्या खोडा. मी आत्ता सही करतो.”

“आत्ताच बघितलंत ना तुम्ही?”

“बघितलं. पण कागदावर नको.”

कामिनीने वही मिटली. म्हणजे एक बाई भर उन्हात उभी राहून मेली, तेही कागदावर नको, आणि हेही नको! दीड महिन्याची मेहनत समोर होती, सहीचं पेन उघडं होतं. तिने वही छातीशी धरली.

“नाही खोडणार.”

मग ती मनोऱ्याकडे वळली. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि आता मनोरा तिचा होता.

“कोकिळाअक्का, उतरा. झालं काम.”

पाती थांबली.

अकरा मिनिटं झाली नव्हती. चारच झाली होती.

शिडीच्या वरच्या पायरीवर कोंडा सांडला. मग तिच्या खालचीवर. मग तिच्याही खालचीवर. शेवटी जमिनीवर.

साहेब सही न करता गाडीत बसले. भागाबाई कळशी तिथेच टाकून घराकडे निघाली होती. तिच्या मागे मातीवर कोंड्याची बारीक रेघ जात होती.

दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला पाती हलली नाहीत. कामिनीने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं : वारा शून्य, फेरे शून्य. आता तिचे आधीचे आकडे खरे मानायला जगात कुणी तयार होणार नव्हतं. कळशी परत द्यायला ती भागाबाईच्या घरी गेली.

अंगणात भर उन्हात भागाबाई एका घडवंचीवर उभी होती. दोन्ही हातांनी टोपली डोक्यावर कलती धरलेली. ओठ फुटले होते.

“पोरी, मले उतर म्हन ना वं.”

“उतरा, अक्का! उतरा!”

भागाबाईने मान हलवली. “तू नही,” ती म्हणाली आणि कामिनीच्या खांद्यामागे बघत राहिली.

अंगणातल्या लिंबाचं पान हलत नव्हतं. टोपली रिकामी होती. तिच्यातून कोंडा पडत होता, पूर्वेकडे, तिरका.