हळद लागलेला स्फटिक

चांदवाडीतलं जंतुनाशकाचं यंत्र सकाळपासून रुसलं होतं. दिवा लागत होता, पाणी फिरत होतं, हवेचे बुडबुडेही उठत होते. पण नळीतून येत होतं ते नुसतं पाणी! कालपर्यंत इमानेइतबारे राबणाऱ्या यंत्राला झालं तरी काय?

चांदवाडी म्हणजे चंद्रावरची साडेतीनशे माणसांची वसाहत. आणि यंत्र रुसलं तेही नेमकं शाल्मलीच्या बाबांचं अपेंडिक्स सुजलेलं असताना. तडवी डॉक्टर दुपारी ऑपरेशन करणार होत्या. पण उकळून किंवा स्पिरिटने सगळे जंतू मरत नाहीत; हत्यारं निर्जंतुक करायला हायड्रोजन पेरॉक्साइड (जंतू मारणारा द्रव) हवा, आणि साठा संपलेला. पृथ्वीवरून यान यायला अजून आठ दिवस होते.

यंत्राची देखभाल शाल्मलीच्या आजोबांकडे, म्हणजे आबांकडे होती. आबा रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी झाकण उघडलं, तर आतली फिकट करडी चकती पिवळीधमक झालेली.

शाल्मलीने आपला पिवळा अंगठा मुठीत लपवला. मग तिला बाबांचं कण्हणं आठवलं आणि तिने मूठ उघडली.

"आबा, हे मी केलं. काल खंडेनवमी होती ना? सगळ्या यंत्रांना हळद लावली. याच्या वेळी मला वाटलं, बाहेरच्या डब्याला कशाला लावायची, आत खरं काम करतो त्यालाच लावू." पुढचं रडण्यात बुडालं. "आता बाबांचं काय होणार?"

"रड, पण उत्तरं देत रड," आबा म्हणाले. "हळद कशात कालवली होतीस?"

"स्पिरिटमध्ये. इथे कोरडी पूड हवेत तरंगत राहते, म्हणून सगळे तसंच करतात."

आबांनी चकती उचलून उजेडात धरली. "ही चकती सच्छिद्र स्फटिकाची (आत बारीक पोकळ्या असलेल्या स्फटिकाची) आहे. कार्बनचे रेणू एकमेकांत गुंफून बांधलेली चाळच समज. लाखो खोल्या, सगळ्या एकाच मापाच्या. चिमूटभर स्फटिकातल्या साऱ्या भिंती उलगडल्या, तर दोन-तीन कबड्डीची मैदानं झाकतील!"

"एवढ्या खोल्यांत राहतं कोण?"

"राहत कुणीच नाही, तीच तर गंमत. पाणी आणि ऑक्सिजन आत शिरतात. भिंती दिव्याचा उजेड पितात आणि त्या जोरावर दोघांची गाठ घालून देतात. पेरॉक्साइड तयार होतो, बाहेर पडतो, खोली पुन्हा मोकळी. स्फटिक मात्र जसाच्या तसा. म्हणून तो उत्प्रेरक (अभिक्रिया जलद घडवणारा, पण स्वतः खर्च न होणारा पदार्थ)."

शाल्मलीने नाक पुसलं. "म्हणजे स्फटिक बिघडला नाही? हळदीचे रेणू खोल्या अडवून बसलेत?"

"अगदी दारात फतकल मारून!"

"मग त्यांना धुऊन काढू." ती पाण्याकडे धावली आणि मध्येच थबकली. "पाण्याने हळदीचा डाग जात नाही. पण आबा, हळद स्पिरिटबरोबर आत गेली ना? मग स्पिरिटबरोबरच बाहेर येईल!"

आबांनी कोमट स्पिरिटची बाटली तिच्या हातात दिली.

पहिलं धुणं गडद पिवळं निघालं, दुसरं फिकट, तिसरं लिंबाच्या सरबतासारखं. सहावं अगदी नितळ होतं. मग त्यांनी चकती मंद उबेवर ठेवली, म्हणजे खोल्यांत स्पिरिटही उरायला नको. शेवटी दिवा लावला. शाल्मलीने नळीखाली तपासणीची पट्टी धरली. पट्टी पांढरीच राहिली. आणि मग कडेने हळूहळू निळा रंग चढू लागला.

"आला! आबा, पेरॉक्साइड आला!" तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

संध्याकाळी तडवी डॉक्टर ऑपरेशन आटोपून बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "जा, बाबा तुझी वाट बघतायत." शाल्मलीच्या छातीवरचं ओझं क्षणात उतरलं.

आबा म्हणाले, "आपण फक्त एका मापाची चाळ बांधली. उद्या वेगळ्या मापाच्या खोल्या बांधू, तर एखादी चाळ औषध घडवेल, एखादी हवेतलं विष पकडेल. बांधशील ना?"

"बांधीन. आणि पुढच्या वर्षी हळद डब्यालाच लावीन."

बाबा उशीला टेकून पडले होते. चेहरा थकलेला, पण कण्हणं थांबलेलं. चंद्रावर आपट्याचं झाड नाही. शाल्मलीने पहिल्या धुण्याची पिवळीजर्द बाटली त्यांच्या हातात ठेवली.

"बाबा, आज दसरा. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."