ऑस्टिनचा पाय कुठे होता?

तो चेंडू सरळ आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रग्बीचा चेंडू सरळ येतो कुठे? लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. जमिनीवर आपटला की उजवीकडे जाईल की डावीकडे, ते त्याचं त्यालाच ठाऊक. डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी तो सांडोर गावच्या कापलेल्या भातशेतातून उसळला, बांधावर टप्पा घेत रस्त्यावर आला आणि थेट क्षितिजाच्या सायकलच्या बास्केटमध्ये जाऊन बसला. क्षितिजा सायकलसकट केळीच्या पाटात!

"लागलं का हो?" एक उंच मुलगा धापा टाकत बांधावर येऊन उभा राहिला.

"कुणाला? मला की चेंडूला?"

"चेंडूला..." तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे — तुम्हालाच."

त्याने हात दिला. हात कसला, चिखलाचा गोळा. तिला वर ओढताना त्या चिखलाची पाचही बोटं तिच्या पांढऱ्या ओढणीवर उमटली. घरी आईने विचारलं तेव्हा क्षितिजा म्हणाली, पडले. कशात पडली, ते आईने विचारलं नाही आणि तिलाही अजून कळलं नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. क्षितिजा मिराशी शेजारच्या पापडीत, नव्या बिल्डिंगमध्ये राहणारी. वडील मुंबईला बँकेत. वर्गातली ज्युलिएट सांडोरची, तिच्याकडे अभ्यासाला जायचं निमित्त होतंच. आणि सांडोरात त्या वर्षी रग्बीचं खूळ शिरलं होतं. लोक जहाजावरून येताना सेंटच्या बाटल्या आणतात, फर्डिनंडकाकांनी चेंडू आणला. गावातली फुटबॉल खेळणारी पोरं धरून त्यांनी संघ उभा केला. बघता बघता या संघाचे चाहतेही इतके झाले की सामना संपला की खेळाडूंपेक्षा तेच जास्त दमलेले असायचे.

क्षितिजाही त्यांतलीच एक झाली. खेळ तिला पटकन समजला. चेंडू बगलेत मारून पळायचं, शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की झाला ट्राय, पाच गुण. मात्र पळताना बाजूच्या चुन्याच्या रेघेला पाय लागला तर सगळं फुकट. सामना संपला की तो उंच मुलगा, म्हणजे ऑस्टिन, टॉवेल गळ्यात टाकून हटकून तिच्यापाशी यायचा.

"आज कसा खेळलो?"

"दोनदा चेंडू सोडलास."

"बाकी सगळे तर मस्त म्हणाले."

"मग त्यांनाच विचारायचं होतंस."

"तुला जरा खोटं बोलता येत नाही का गं?"

"येतं की. तुझ्याशी नाही येत."

यावर तो नुसता बघत राहायचा आणि मग तिचीच नजर खाली जायची... ज्युलिएट लांबून खोकायची. सगळं कसं छान चाललं होतं. दृष्ट लागावी इतकं.

मग फेब्रुवारीत कामणच्या संघाशी अंतिम सामना आला.

कामणची पोरं म्हणजे गोदामांत दिवसभर गोणी उचलणारी. एकेकाचा खांदा दाराच्या फळीएवढा. शेवटच्या मिनिटापर्यंत कामण तीन गुणांनी पुढे. क्षितिजा मैदानाच्या कोपऱ्यात, अगदी चुन्याच्या रेघेला लागून उभी होती. तेवढ्यात ज्युलिएटच्या भावाने, व्हिक्टरने, चेंडू घेऊन पळणाऱ्या कामणच्या एकाला आडवं पाडलं आणि निसटलेला चेंडू उचलून ऑस्टिन सुटला. कडेकडेने, तिच्याच दिशेने! मागून दोघं, आडवा एक. ऑस्टिनने अंग वाकडं केलं, झेप घेतली, चेंडू टेकवला. शिट्टी! सांडोर जिंकलं!

पण झेपेच्या आधी त्याचा डावा पाय रेघेवर पडला होता. क्षितिजाच्या चपलेपासून हातभर अंतरावर. चुना उडालेला तिने या डोळ्यांनी पाहिला.

पंच त्या गर्दीच्या मागे राहिले होते. पाय बाहेर पडला की उंचावायचं कोपऱ्यातलं निशाण सांडोरच्याच कृष्णाच्या हाती होतं, पण गड्याने ते आधीच फेकून देऊन नाचायला सुरुवात केली होती. पोरं ऑस्टिनच्या अंगावर कोसळली. त्या ढिगातून त्याने डोकं वर काढलं आणि पहिल्यांदा पाहिलं ते क्षितिजाकडे. तो हसला नाही. त्यालाही ठाऊक होतं तर.

आता सांडोरच्या चाहत्यांचा एक रिवाज होता. सामना जिंकला की सगळ्यांनी ज्युलिएटच्या अंगणात जमायचं, खेळाची चिरफाड करायची आणि सगळ्यांत चांगला कोण खेळला ते चाहत्यांनीच ठरवायचं. त्याला ज्युलिएटची आई, पॉलिनमावशी, आपल्या वाडीतल्या राजेळी केळ्यांचा अख्खा घड, म्हणजे लोंगर, द्यायची. देण्याआधी ती तीनदा विचारायची, कुणाची काही हरकत? चर्चमध्ये लग्न ठरलं की तीन रविवार विचारतात ना, तसंच. तिसऱ्यांदा कुणी बोललं नाही, की लोंगर त्याचा. मग कुणी ब्र काढायचा नाही.

या खेपेला मात्र नुसत्या केळ्यांची बात नव्हती. मुंबईच्या संघाच्या निवडीसाठी सांडोरातून एकच नाव जायचं होतं आणि फर्डिनंडकाकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ज्याला लोंगर, त्याचं नाव. ऑस्टिन वर्षभर त्या एका गोष्टीसाठी पहाटे उठून धावत होता. हे क्षितिजाइतकं कुणाला माहीत होतं?

अंगणात नुसता गलका. चहा, पाव, शेंगदाणे आणि शंभर मतं.

"व्हिक्टरने चार टॅकल केले राव, चार! तो शेवटचा नसता तर ऑस्टिन कुठला पोचतोय?"

"टॅकल कोण लक्षात ठेवतं? ट्राय कुणी मारला ते बोल!" कृष्णाचा आवाज सगळ्यांच्या वर. "काय धावला, काय धावला! मी दोन हातांवर होतो, मला विचार!"

"तुला काय विचारायचं? पहिल्या अर्ध्यात त्याने हातातला चेंडू घालवला तेव्हा शिव्या कोण देत होतं?"

सगळे हसले. ऑस्टिन तेवढा हसला नाही. तो पायरीवर बसला होता, हातात चहा, चहावर साय आलेली. क्षितिजा समोर ज्युलिएटच्या शेजारी. तो तिच्याकडे बघत नव्हता. सामन्यानंतर 'आज कसा खेळलो' विचारायलाही आला नव्हता. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

बोल ना रे, ती मनात म्हणत होती. तू बोल, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. तो गप्प राहिला तर? तर तिने काय करायचं होतं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसली असती, तर त्याच्यासमोर पुन्हा कधी खरं बोलायला तोंड उरलं नसतं. आणि बोलली असती तर त्याचं मुंबईचं स्वप्न तिच्याच हाताने मोडलं असतं. ती त्याच्यावर प्रेम करत होती. अगदी आत्ता, या अंगणात, हे तिला लख्ख कळलं, आणि कळायला हीच वेळ मिळाली म्हणून तिला रडू आलं.

"तर मग ऑस्टिन," फर्डिनंडकाका म्हणाले. "पॉलिन, विचार."

पॉलिनमावशी पदर खोचून उभी राहिली. "कोनाचं काय म्हननं हाय?"

म्हाताऱ्या एका काकांनी पुन्हा व्हिक्टरचं नाव काढलं. त्यांना गप्प बसवण्यात आलं.

"दुसऱ्यांदा इचारते. कोनाचं काय?"

ऑस्टिनने तोंड उघडलं. त्याने गार चहाचा एक घोट घेतला... आणि तोंड मिटलं.

"काय गं, हात किती गार पडलेत तुझे," ज्युलिएट कुजबुजली.

"तिसऱ्यांदा इचारते—"

"मावशी, थांब." ऑस्टिन उभा राहिला होता. कप त्याने पायरीवर ठेवला, तोही कलंडला. "माझा पाय बाहेर होता. रेघेवर पडला होता. ट्राय झालाच नाही."

कृष्णा मोठ्याने हसला. "अरे, दमलाय तो! डोक्याला मार लागलाय. निशाण माझ्या हातात होतं, मी सांगतो, पाय आत होता!"

"आत होता, आत होता!" सगळे एका सुरात. बरोबर आहे, जिंकलेला सामना कुणाला हरायचा असतो? कुणी म्हणालं, पोराचा मोठेपणा बघा. ऑस्टिनची पाठ थोपटायला दोघं उठलेसुद्धा. आता त्याने गप्प बसायचं, की सगळं मिळत होतं, वर चांगुलपणाही.

फर्डिनंडकाकांनी हात वर केला. "आणखी कुणी पाहिलं?"

ज्युलिएटने क्षितिजाला चिमटा काढला. "बसून राहा. तो बोलला ना? झालं. त्याचं भलं होऊ दे."

ऑस्टिन अजूनही तिच्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता. पाठ थोपटणाऱ्यांचे हात मात्र त्याने बाजूला सारले होते.

क्षितिजा उठली. "मी पाहिलं, काका. मी तिथेच होते. पाय रेघेवर होता. चुना उडाला."

अंगणात एकच कल्लोळ झाला. "हिला काय कळतं?" "पापडीची ना ही?" आणि सगळ्यांवर कडी करत कृष्णा, "कानामागून आली आणि तिखट झाली! आमच्यात येऊन, आमचा चहा पिऊन, आम्हालाच हरवते!"

तोवर पॉलिनमावशी कडाडली, "गप रे कृष्णा! खेलनारा बोल्ला, बगनारी बोल्ली. आता तू सांग, निशान टाकून तू कुठं नाचत व्हतास?"

कृष्णा शेंगदाणे खाऊ लागला.

फर्डिनंडकाकांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "उद्या मी कामणला जातो. पुढच्या रविवारी पुन्हा खेळू, त्यांच्या मैदानावर. लोंगर व्हिक्टरचा. नावही त्याचंच."

कुणी टाळी वाजवली नाही. व्हिक्टरने लोंगर खांद्यावर घेतला तोही तोंड पाडून, आणि चाहते एकेक करून उठून गेले. क्षितिजाजवळून जाताना एकही जण बोलला नाही.

तिने सायकल काढली. फाटकाबाहेर आली तेव्हा सूर्य माडांच्या मागे गेला होता आणि समुद्राकडून गार वारा सुटला होता. पाच-दहा पावलं चालली असेल, तोच सायकलचं हँडल दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताने धरलं.

"दे. मी धरतो."

दोघं चालू लागले. मधे सायकल. तिला वाटलं, आता हा म्हणणार, उद्यापासून येऊ नकोस.

"रागावलास?" शेवटी तिनेच विचारलं. "माझ्यामुळे तुझं—"

"आज कसा खेळलो, ते विचारायचं राहिलं."

"ऑस्टिन, थट्टा नको ना..."

"थट्टा नाही करत." तो थांबला. "एक सांगू? तू त्या कोपऱ्यात नसतीस ना, तर मी गप्प बसलो असतो. लोंगर उचलला असता, मुंबईला गेलो असतो, झोपही लागली असती. तू पाहिलंस म्हणून बोललो. तुला वाटतो तेवढा मी चांगला नाही, क्षितिजा. हे तुला माहीत असायला हवं. कारण..." त्याने हँडल घट्ट धरलं. "कारण मला तू आवडतेस. फार. आणि तुझ्याशी खोटं मलाही येत नाही."

क्षितिजा त्याच्याकडे बघत राहिली. कपाळावर खरचटलेलं, कानाशी चुना, आणि तोंडावर अशी भीती, जी कामणचे पंधरा जण अंगावर येतानाही दिसली नव्हती. इतका वेळ अडवून ठेवलेलं रडू तिला आलंच, पण त्यात हसूही मिसळलं.

"मग तर पंचाईतच आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे तू सरळ राहावास म्हणून मी रोज तुझ्याकडे बघत बसायचं?"

"बसशील?"

"आईला काय सांगू?"

"काय सांगशील?"

"खरं तेच. पाटातच पडले होते, पण तिथून काही निघाले नाही."

तो हसला. आज पहिल्यांदा, अगदी डोळ्यांपर्यंत. मग पुन्हा गंभीर होऊन त्याने विचारलं, "पण किती दिवस बघत बसशील? कंटाळलीस म्हणजे?"

"तू सुधारेपर्यंत."

ऑस्टिनने सायकल झाडाला टेकवली, तिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "मग मी जन्मभर सुधारायचा नाही."