व्हरांड्यातली शाळा

सोमेश्वरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात भज्यांचा पुडा होता आणि माझ्यामागे आठवीचा अख्खा वर्ग.

जालन्यात शिक्षण खात्याच्या कचेरीत, साहेबांच्या दारासमोर सतरंजी अंथरून आम्ही शाळा भरवली होती. परतूरच्या पुढे पक्की सडक संपते, तिथून आत आमचं गाव. तिथं इंग्रजीला शिक्षकच नव्हता. तो तास कवायतीचे सर घ्यायचे, म्हणजे पोरं मैदानात पळायची. मी त्याच शाळेची. पुढं बी.ए. झाले, पण नोकरीच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल इंग्रजीत सांगा’ म्हटल्यावर नाव सांगून गप्प बसले. ती गत माझ्या भाचीची, मोनालीची होऊ द्यायची नव्हती.

बाहेर भुरभुर चालली होती. तो अंग चोरून सतरंजीच्या कडेनं निघाला, तशी मी आडवी आले.

“तुम्ही इथले साहेब का?”

“न्हाई हो. मी नेमणुकीसाठी आल्तो. इंग्रजीचा शिक्षक...” बोलून गेला आणि पस्तावला बहुतेक.

“मंग शिकवा की.”

“इथं?”

“नाव पुकारेस्तोवर नुसतं बसूनच ऱ्हायचंय ना तुम्हाला?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुडा माझ्या हातात देऊन पोरांपुढं उभा राहिला. पोरं उठली. “टेक युवर सीट्स,” तो म्हणाला. कुणी हलेना. त्यानं पुन्हा म्हटलं. पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली आणि त्याचं हसू मावळलं. “बसा रे,” शेवटी मीच म्हणाले.

दुपारी त्याचं नाव पुकारलं. जे गाव बाकीच्यांनी टाळलं होतं, ते त्यानं मागून घेतलं.

“येतो तुमच्या गावाला. माझी भजी?”

“संपली,” मी म्हणाले. हसू दाबत होते, पण ते दिसलंच त्याला.

*

मी मागच्या बाकावर बसून त्याच्याकडं इंग्रजी शिकायला लागले. निमित्त इंग्रजीचं – खरं सगळ्या गावाला कळत होतं.

“ज्योत्स्नाताई म्हणू का तुम्हाला?” एकदा त्यानं फळा पुसता पुसता विचारलं.

“म्हणा. राखी आणून ठेवते.”

“मंग बिलकुल न्हाई म्हणत.”

पावसाळ्यात त्याची मोटारसायकल काळ्या मातीत रुतायची. मडगार्डमधला चिखल तो काडीनं उकरायचा, मी त्याच्यावर छत्री धरायची. “हे गाव मला सोडून न्हाई राह्यलं,” तो खालूनच म्हणायचा. “गावच ना?” मी विचारायची. काडी थांबायची... आणि तो वर बघायचा. त्या बघण्यावर मी अख्खा दिवस काढायची.

पोरं बदलली. तो आला की सगळी उठायची, “गुड मॉर्निंग, सर” म्हणायची आणि “टेक युवर सीट्स” ऐकल्याशिवाय एकही बसायचं नाही. हा त्याचा नियमच होता. परतूरच्या स्टेशनात मोनालीनं एका परक्या बाईला इंग्रजीत गाडीची वेळ सांगितली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच रात्री मी वडलांना, आबांना सांगितलं, लग्न करीन तर सोमेश्वरशी. दिवाळीनंतर आमची सुपारी फुटली.

पुढच्या पावसाळ्यात तो पेढे घेऊन आला.

“जालन्याच्या कचेरीत माझी सोय झाली. काम तिकडं, पगार इथल्याच शाळेवर.”

“म्हणजे कागदावर तुम्ही इथंच?”

“हां.”

“जागा भरलेली दिसंल. मंग दुसरा कुणी इथं येणारच न्हाई.”

तो पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. “दोन पावसाळे चिखल तुडवला मी. बाकीचे तर आलेच न्हाईत. तुझ्यासाठीच करून राह्यलो हे. नळाला पाणी, डोक्यावर चांगलं छप्पर... आपली लेकरं चांगल्या शाळेत जातील.”

“आणि ही?”

“ही काय आपली हायत का, ज्योत्स्ना?”

त्याचं सगळंच खोटं नव्हतं. त्या चिखलाची मी साक्षीदार होते. पण व्हरांड्यात ज्याच्यावर माझा जीव जडला, तो हे बोलला नसता. पेढा हातातच राहिला.

*

“घरची गोष्ट वेशीवर टांगून राह्यली तू,” आबा म्हणाले. मी सतरंजीची गुंडाळी उचलली.

तीच कचेरी, तोच व्हरांडा. मागणी एकच : आमचा शिक्षक आम्हाला परत द्या. दार उघडलं आणि आम्हाला उठवायला साहेबांनी नेमकं त्यालाच पाठवलं. इस्त्रीचा सदरा, हातात फाइल.

“मॅडम, इथं बसता येत न्हाई.”

मॅडम. मी तो घोट गिळला. “आम्ही बसायला न्हाई, तुम्हाला न्यायला आलो.”

तो जवळ आला, आवाज खाली आणला. “ज्योत्स्ना, सगळे बघून राह्यले. लग्न मोडायचंय का तुला?”

“लग्न मोडलंच समजा. परत आलात तरी मी तुमच्या घरी येणार न्हाई. पण तुम्ही गावात या. पोरांना शिकवा.”

“माझ्यावर जीव होता ना तुझा?”

“हाय,” मी म्हणाले. “म्हणून तर तोंड इतकं कडू झालंय.”

तेवढ्यात पोरं उठली. मी सांगितलं नव्हतं, मोनालीनंही नाही. सगळी सरळ उभी राहिली.

“गुड मॉर्निंग, सर.”

त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता ‘टेक युवर सीट्स’ म्हणेल. देवाशपथ, त्या क्षणी तो ते म्हणाला असता तर मी सगळं विसरले असते. आतून साहेबांनी हाक मारली. त्यानं फाइल छातीशी धरली, मान खाली घातली आणि आत गेला. दार लागलं.

पोरं उभीच. मोनालीनं माझ्याकडं पाहिलं. ‘बसा रे’ एवढंच म्हणायचं होतं, मागे म्हटलंच होतं की मी. या वेळी म्हटलं नाही. सतरंजीवरून उठले आणि दाराकडं तोंड करून त्यांच्या रांगेत उभी राहिले.