अठरा बाटल्या पाणी

पाणी कोण चोरतं?

फोन ठेवल्यावर बाईंच्या मनात पहिला प्रश्न हाच आला. धरणावरच्या प्रयोगशाळेतली सहायक मुलगी घाबऱ्या आवाजात सांगत होती, की कपाटाच्या मागच्या फळीवरच्या अठरा बाटल्या गायब आहेत. बाटल्यांत होतं काय, तर धरणातून झिरपलेलं पाणी. भंगारवालासुद्धा फुकट नेणार नाही असा माल.

बाई धरण-सुरक्षेच्या तपासणी अधिकारी. कचेरीत त्यांच्या माघारी त्यांना शंकासूर म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण आजची शंका चैनीची नव्हती. वरच्या डोंगरांत तीन दिवस पाऊस कोसळत होता. उद्या संध्याकाळपर्यंत पूर धरणाशी येणार होता. धरण धडधाकट असेल तर दारं बंद ठेवून तो अडवायचा. नसेल तर आत्तापासून पाणी सोडून तलाव उतरवायचा आणि खालची वस्ती हलवायची. धरण धडधाकट असल्याच्या कागदावर चार वाजेपर्यंत सही हवी होती, आणि ती बाईंनी करायची होती.

त्या धरणावर पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. इथे पावसाचा थेंब नव्हता. नुसता उकाडा, आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. भिंतीच्या पायथ्याशी कर्मचाऱ्यांची घरं होती, दोरीवर कपडे वाळत होते. पलीकडे पाऊण भरलेला तलाव, मध्ये साठ वर्षांची दगडी भिंत.

उपअभियंता पायऱ्यांवरच भेटला. हातात कागद तयार होता.

"बाटल्यांचं काय घेऊन बसलात मॅडम," तो म्हणाला. "गळतीचे आकडे बघा. गेल्या वर्षी याच दिवसांत जेवढी गळती होती, तेवढीच आज आहे. म्हातारं धरण आहे, पण पथ्य पाळणारं."

"आणि तलाव? गेल्या वर्षी याच दिवसांत किती भरला होता?"

"निम्माही नव्हता."

बाईंनी सही केली नाही. पेन मात्र उघडून हातात ठेवलं, नि मग स्वतःलाच ते विचित्र वाटून टोपण लावलं.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, एक पंखा, एक काचेचं कपाट. सहायक मुलगी पंचविशीची, नेटकी. तिने सगळं क्रमाने सांगितलं. रोज सकाळी तिचे सासरे धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, म्हणजे भिंतीतल्या भुयारात उतरतात. तिथे गळतीचं पाणी पत्र्याच्या खाचेतून वाहतं, त्याची उंची मोजून आकडा आणतात आणि एक बाटली भरून आणतात. नऊला बाटली या टेबलावर येते. ती पाण्यातला चुना तपासते, गढूळपणा बघते, बाटली पुढच्या फळीवर ठेवते. जुन्या मागच्या फळीवर जातात. गेल्या वर्षीशी ताडून बघायला बाईंनी कालच सांगितलं होतं, म्हणून तिने आज मागची फळी उघडली.

"नेमक्या कुठल्या तारखा गेल्यात?"

"गेल्या वर्षीच्या याच दिवसांच्या. सलग अठरा."

"कपाटाला कुलूप असतं?"

"असतं. एक किल्ली साहेबांकडे. एक माझ्याकडे. मी ती घरी नेते, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लावते."

दारात उभा असलेला उपअभियंता हसला. "म्हणजे चोर मी. गळतीचं पाणी पिऊन आयुष्य वाढतं म्हणतात."



मुलीचे सासरे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. सगळे त्यांना काका म्हणत. एकतीस वर्षं गॅलरीत उतरणारा हा माणूस. बाईंनी विचारपूस केली तेव्हा त्यांनी धरणाचं कौतुक भरभरून सांगितलं. दोनशे बारा पायऱ्या, त्यातली एकशे चाळिसावी निसरडी. पूर्वी दोघं उतरत, जोडीदार निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. बोलताना ते उठले नाहीत. बाई वयाने धाकट्या, पण अधिकारी, आणि जुन्या वळणाचा माणूस उठून उभा राहतो. बाईंच्या मनात ते टोचलं. मग त्यांना वाटलं, आपण उगाच मानापमानाचं काढतोय.

त्यांनी रजिस्टर मागवलं.

रोजचं एक पान. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून नऊची बाटली त्याच दिवसाच्या पानावर ठेवायची, अशी इथली पद्धत होती. बाई पानं उलटत गेल्या. अक्षर सुरेख, आकडे सरळ. त्या पुन्हा मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. एका पानावर थांबून त्यांनी बोटाने कागद चाचपला.

"गॅलरीतलं पाणी गार असतं का हो?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बारा महिने. हात बधिर होतो."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत आले होते. डोंगरातल्या चौकीवरून फोन आला, पूर अंदाजापेक्षा लवकर निघालाय. उपअभियंत्याने कागद टेबलावर सरकवला. बाईंनी तो बाजूला केला आणि पुढच्या फळीवरची आजची बाटली मागितली. तिच्यावरच्या तारखेच्या चिठ्ठीच्या कडेला नख घातलं. चिठ्ठी अर्धी सुटली. खाली जुन्या डिंकाला चिकटून दुसऱ्या चिठ्ठीचा एक तुकडा राहिला होता, त्यावर गेल्या वर्षाचा शिक्का.

"बाटल्या चोरीला गेल्याच नाहीत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "अठराही याच कपाटात आहेत. मागच्या फळीवरून पुढच्या फळीवर आल्या, एवढंच."

उपअभियंत्याने कपाळाला हात लावला. मुलगी बाटलीकडे बघतच राहिली.

बाईंनी रजिस्टर सगळ्यांना दिसेल असं धरलं. "अशा दमट हवेत गार बाटली ठेवली की तिला घाम सुटतो. मागचं प्रत्येक पान बघा. गोल सुरकुती आहे, ओल येऊन वाळलेली. शेवटची अठरा पानं बघा. कोरी इस्त्रीची. अठरा दिवस या टेबलावर खालचं पाणी आलेलं नाही. खोलीतलं पाणी आलंय, गेल्या वर्षीचं. म्हणूनच चुना गेल्या वर्षीएवढा निघाला. आकडाही तोच उतरवला. तलाव दुप्पट झाला तरी गळती तेवढीच, हे त्यामुळे."

"नळाचं पाणी का नाही भरलं मग?" उपअभियंत्याने विचारलं.

"कारण तपासणारी हुशार आहे. नळाच्या पाण्यात एवढा चुना नसतो, हे तिने पहिल्याच दिवशी पकडलं असतं. हे ज्याला पक्कं माहीत होतं, त्याच्याच हाताने रोज बाटली येते. आणि किल्ली त्याच्याच घरात खिळ्याला असते." बाईंचा आवाज आणखी खाली गेला. "काका, मघाशी तुम्ही उठला नाहीत. गुडघा केव्हापासून धरलाय?"



"अठरा दिवस झाले," काका म्हणाले. "त्या निसरड्या पायरीवर पडलो. वर यायला दोन तास लागले, हातांवर. कुणाला कळलं असतं तर फाटकाशी खुर्ची टाकून बसवलं असतं." ते भिंतीकडे बघत होते. "वाटलं, एकतीस वर्षांत याचं काही बिघडलं नाही, पाय बरा होईपर्यंत काय बिघडणार?"

मुलगी म्हणाली, "मामंजी, आपलं घर भिंतीच्या पायथ्याशी आहे."

बाई आणि उपअभियंता गॅलरीत उतरले. काकांनी टॉर्च दिली, आणि भिंत उजव्या हाताला धरा म्हणून सांगितलं. खाली खाच दिसतच नव्हती. पाणी तिच्यावरून वाहत होतं, आणि ते चहासारखं गढूळ होतं. धरणाच्या पायाखालची माती पाण्याबरोबर निघाली होती. बाईंनी बाटली भरली. हात बधिर झाला. परतीच्या पायऱ्या त्यांनी मोजल्या नाहीत.

पावणेचारला उपअभियंत्याने स्वतः फोन केले. दारं उघडायची, आत्ता, थोडी थोडी. भोंगा लावायचा. पायथ्याची घरं सर्वांत आधी रिकामी करायची. त्याने सहीचा कागद उचलला, घडी घातली आणि बोलता बोलता त्याच घडीने स्वतःला वारा घालू लागला. "अठरा दिवस मीही नुसते आकडेच वाचले," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता.

काकांनी रजिस्टर पुढे ओढलं. "आजचा आकडा मी लिहितो. खरा."

"खाच बुडाली आहे," बाई म्हणाल्या. "मापता येत नाही."

"तसंच लिहितो."

त्यांनी तसंच लिहिलं, सुरेख अक्षरात. बाहेर भोंगा वाजू लागला. मुलीने पुढे होऊन सासऱ्यांच्या काखेत हात घातला. "चला मामंजी. आवराआवर करायचीय. माझ्यावर भार टाका, लाजू नका."

ते दोघं गेल्यावर बाईंनी रजिस्टरवर ठेवलेली, खालून भरून आणलेली बाटली उचलली. पानावर, ताज्या अक्षरांच्या शेजारी, ओलं वर्तुळ उमटलं होतं.