अर्धी पोळी आणि सात गुण

चंद्रावरच्या त्या वसाहतीत खानावळ एकच होती आणि मूलही एकच, शाल्मली. आई-बाबा खाणीत पाळीवर गेले की ती एकटीच जेवायला यायची. वाढायला रंगा नावाचा यंत्रमानव होता. "अजून अर्धी पोळी, माझ्यासाठी," असा आग्रह तो रोज करायचा. पोट तुडुंब भरलेलं असलं तरी ती घ्यायची. एवढ्या मोठ्या चंद्रावर तिला आग्रह करणारं दुसरं होतंच कोण?

आता रंगाचीच परीक्षा होती. लोकांना तो माणसासारखा वाटत नसेल, तर त्याच्या जागी मुका सरकता पट्टा येणार होता. त्यासाठी पृथ्वीवरून केळुसकर मावशी आल्या होत्या. त्या शास्त्रज्ञ होत्या.

"मानवसदृशता (यंत्र माणसासारखं वाटणं) मोजतात कशी? फूटपट्टीनं?" शाल्मलीनं विचारलं.

"लोकांना विचारून," मावशी हसल्या. "पण एकच प्रश्न विचारला, तर कुणी चेहरा बघून उत्तर देईल, कुणी आवाज ऐकून. म्हणून प्रश्न वेगवेगळे. त्याचं बोलणं माणसासारखं वाटतं? तो स्वतः विचार करतो असं वाटतं? त्याला तुमची काळजी आहे असं वाटतं? प्रत्येकाला एक ते सात गुण."

शाल्मलीनं सगळीकडे सात ठोकून दिले. पट्ट्याशी कोण गप्पा मारणार!

गुण जमले आणि मावशी कोड्यात पडल्या. रंगा सगळ्यांशी तेच शब्द, त्याच आवाजात बोलत होता. तरी घोळक्यानं जेवणाऱ्यांनी काळजीच्या प्रश्नाला दोन-तीन गुण दिले होते, आणि एकट्यानं जेवणाऱ्यांनी सहा-सात.

"सगळ्यांना तेच? 'माझ्यासाठी'सुद्धा?" शाल्मलीला रडूच कोसळलं. "म्हणजे माझे सात चुकले?"

"चुकले नाहीत गं." मावशींनी तिला जवळ घेतलं. "रंगाच्या आत काय आहे, ते हे गुण सांगत नाहीत. तो आपल्याला कसा वाटतो, ते सांगतात. सोबत हवी असली की यंत्रातही माणूस लवकर दिसतो. इतक्या जणांना तो आपला वाटतो, म्हणून रंगा राहील. पण इथे इतकी माणसं एकटी जेवतात, हे मला आज कळलं."

शाल्मलीनं डोळे पुसून पाहिलं. कोपऱ्यात खाणीतले गोविलकर काका एकटेच जेवत होते. रोजच असायचे, तिनंच कधी पाहिलं नव्हतं.

"अजून अर्धी पोळी, माझ्यासाठी," रंगा त्यांना म्हणाला.

"नको," काका म्हणाले आणि रंगा लगेच पुढे सरकला.

शाल्मली आपलं ताट घेऊन काकांसमोर बसली. "काका, अर्धी पोळी घ्या ना."

"नको गं बाळा, पोट भरलंय."

"असं कसं? भाजी उरलीय की! पाव पोळी तरी घ्याच."

काका हसले आणि त्यांनी ताट पुढे केलं.

"सरका जरा," म्हणत मावशीही आपलं ताट घेऊन तिथेच आल्या.