लाल दोऱ्याची फांदी

"आमच्या आप्पांनी चोरी केलेली नाही," दारातच उभी राहून ती म्हणाली, "पण ते स्वतः तसं धड सांगत नाहीत. आता बोला!"

खाकी गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी. बस कंडक्टर होती आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आली होती. भाऊजींनी लगबगीनं खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून तिला जागा करून दिली. या कचेरीत त्यांचं मुख्य काम तेच. डोकं चालवायचं खातं त्यांच्या वहिनींकडे. वहिनींनी पंधरा वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले आणि मग शिंप्याच्या दुकानावर ही दोन खोल्यांची तपास कचेरी थाटली. निवृत्तीनंतर भाऊजींना घरी करमेना, म्हणून ते रोज ‘मदतीला’ येत. मदत नक्की कोण कुणाला करतं, हा विषय घरात कुणी काढत नसे.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "आणि पहिल्या थांब्यापासून सांगा."

कंडक्टर हसली आणि जरा सैलावली. तिचे वडील शेवंतीच्या एका नर्सरीत चौतीस वर्षं माळी होते. गेल्या हंगामात तिथल्या एका पिवळ्या शेवंतीवर कुणी कधी न पाहिलेला रंग आला. तांबूस पाकळ्या, टोकाला पांढऱ्या. मालकांनी त्या फुलाला आपल्या बायकोचं नाव दिलं. हंगाम सरता सरता मालक वारले. त्या झाडाची दहा रोपं यंदा कुंड्यांत वाढवली होती. गेल्या आठवड्यात ती उमलली, तर दहाच्या दहा पिवळीधमक.

"मालकीणबाई म्हणतात, अस्सल रोपं आप्पांनी बाहेर विकली आणि त्या जागी साधी लावली. उद्या संध्याकाळपर्यंत नर्सरीतली खोली रिकामी करायची आहे."

"आप्पा काय म्हणतात?"

"‘मी घेतलं नाही.’ बस, एवढंच! एका पानाबद्दल विचारलं तर तासभर बोलणारा माणूस, आणि आता तोंडाला कुलूप. ताई, खोली गेली तर माझ्याकडे राहतील. पण चोर म्हणून आले तर ते फार दिवस जगायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि घाईत अर्धा टेबलावर सांडला.

मालकीणबाई नर्सरीच्या काचघरातच भेटल्या. किडकिडीत, ताठ, बोलणं तोडून टाकणारं. दहा कुंड्या एका फळीवर ओळीनं मांडल्या होत्या. वहिनींनी एका कुंडीत बोट खुपसून माती बाजूला सारली. मातीच्या खालूनच तीन-तीन, चार-चार दांडे दाटीनं वर आले होते. दुसऱ्या कुंडीतही तेच.

"गुटगुटीत आहेत," भाऊजी कौतुकानं म्हणाले.

"आहेत ना! दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाची," मालकीणबाई फणकारल्या. "मूळ झाडाला मी दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता."

"त्याची देखभाल कोण करत होतं?"

"हे गेले त्याच्या दोनच दिवस आधी आप्पा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवड्यांच्या रजेवर गेले होते. ह्यांचं काम अडू द्यायचं नव्हतं मला. जन्मात कधी कात्री धरली नव्हती, पण पुस्तक उघडून बसले आणि शब्दन् शब्द पाळला. फुलं संपली की वीतभर खोड ठेवून सगळं छाटायचं, बुडातून फुटवे येतात ते कुंडीत लावायचे. आप्पा परत आले तोवर फुटवे आले होते. त्यांनी ते लावले. म्हणजे मला आपलं वाटलं, तेच लावले!"

"परत आल्यावर काही म्हणाले?"

"एकच विचारलं. छाटणी कोणी केली? मी म्हटलं, मी. तसे मटकन खाली बसले. तेव्हा वाटलं, थकले असतील. आता कळतंय, मनात पाप होतं."

भिंतीवर मालकांचा फोटो होता. आजारानं खंगलेला चेहरा, पण हसू डोळ्यांत मावत नव्हतं. लाल दोरा बांधलेली एक फांदी त्यांनी हलकेच पुढे धरली होती आणि तिच्यावर ते तांबूस फूल होतं. मागे पिवळ्या फुलांची गर्दी.

"मागची पिवळी शेवंती पण झकास आहे," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, फोटोत कुंड्या किती?"

"कुंड्या? एकच. का हो?"

"काही नाही, सहज." वहिनी मालकीणबाईंकडे वळल्या. "रोपं विकली, तर कुणाला?"

"नदीपलीकडच्या ढालवाल्याला! दर वर्षी प्रदर्शनाची फिरती ढाल जिंकणार तो नाही तर आम्ही. वीस वर्षं बोलणं बंद होतं. ह्यांचा शेवटचा आठवडा चालला होता, मी औषधं आणायला गेले होते. परत येताना पाहिलं, तर हा माणूस मागच्या फाटकातून बाहेर पडत होता. बगलेत ओल्या वर्तमानपत्राची सुरळी. आप्पांशिवाय ते फाटक कोण उघडणार? सौदा तेव्हाच ठरला."

"मालकांना विचारलंत?"

"मरणाच्या दारातल्या माणसाला काय विचारू?" त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेली.

आप्पा खोलीत ट्रंक भरत होते. दोन सदरे, एक कांबळं, आणि बियांच्या पुड्या मात्र डझनावारी. चष्म्याची एक काडी मोडली होती आणि तिथे लाल दोरा गुंडाळला होता.

"दोरा छान मिळाला," वहिनी म्हणाल्या.

आप्पांचा हात चटकन चष्म्याकडे गेला. "पालापाचोळ्यात सापडला. कामाला आला."

"ढालवाल्यांसाठी फाटक तुम्ही उघडलंत?"

"साहेबांनी सांगितलं होतं, उघड. उघडलं. आत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही."

"आणि रोपं?"

"मी घेतली नाहीत." त्यांनी पुड्यांचा गठ्ठा ट्रंकेत ठेवला. "बाई, तुम्ही हुशार आहात. माझी लेक भाबडी आहे. तिला सांगा, बाप म्हातारा झाला, हात चुकला. विषय संपवा."

"हा माणूस काहीतरी लपवतोय," बाहेर पडल्यावर भाऊजी ठामपणे म्हणाले.

"अगदी बरोबर, भाऊजी."

भाऊजी चालता चालता थबकले. आपलं पहिल्याच फटक्यात बरोबर आलं, हे त्यांना पचेना.

ढालवाल्यांची नर्सरी टुमदार होती आणि स्वतः ढालवाले तिरसट. "त्या घराशी माझा वीस वर्षं संबंध नाही," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. वहिनी मान डोलावत रांगांमधून फिरल्या. टोकाला सावलीत, पडद्याआड एक कुंडी होती. सरळ वर गेलेला एकच दांडा, मग वर फांद्या, आणि घट्ट मिटलेल्या कळ्या. दांड्याला लाल दोऱ्याचा तुकडा.

"ही केवढ्याला?"

"ती विकायची नाही. ती माझी नाही." ढालवाल्यांनी पडदा ओढला.

"अजून उमलली नाही?"

"सावलीत आहे, म्हणून उशीर. आज-उद्या उमलेल. तुम्हाला काय करायचंय?"

वहिनी जवळ जाऊन हळूच काहीतरी बोलल्या. भाऊजींनी कान टवकारले, पण फक्त ‘आप्पा’ आणि ‘उद्या’ एवढंच कळलं. ढालवाल्यांचा चेहरा पडला.

"आप्पाला? चोर?" ते पुटपुटले. "अरे देवा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे काचघरात जमले. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, आप्पा ट्रंकेसकट आले होते, आणि कंडक्टरनं एक फेरी बदलून घेतली होती.

"चोरी झालेलीच नाही," वहिनींनी सुरुवात केली.

"बाई, राहू द्या," आप्पा एकदम पुढे झाले. "मीच घेतलं. विकलं. झालं?"

"आप्पा!" कंडक्टर किंचाळली.

"आप्पा, खोटं बोलायला तुम्ही फार उशिरा शिकलात," वहिनी मऊपणे म्हणाल्या. "काल म्हणालात घेतलं नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांत बघत होता. आज जमिनीकडे बघताय. मला बोलू द्या. मी उगाच कुणाला दुखावणार नाही."

वहिनींनी भिंतीवरचा फोटो काढून फळीवर ठेवला.

"भाऊजींना मागे दुसरी पिवळी शेवंती दिसली. पण कुंडी एकच आहे. म्हणजे पिवळी फुलं आणि तांबूस फूल एकाच झाडावरची. अख्खं झाड तांबूस नव्हतंच. निसर्गानं फक्त एका फांदीचा रंग बदलला होता. म्हणून तर मालकांनी त्या एकाच फांदीला लाल दोरा बांधला. अशा फांदीचा रंग हवा असेल, तर कलम त्याच फांदीचं घ्यावं लागतं. मुळं जुनीच. मुळातून येणारे फुटवे जुन्याच रंगाचे."

"म्हणजे हे दहा..." भाऊजींच्या डोक्यात आत्ता उजेड पडला.

"मातीखालून दाटीनं आलेले दांडे तुम्ही पाहिलेत. बुडातले फुटवे. त्याच झाडाचे, अगदी अस्सल. कुणी काही बदललं नाही. हे पिवळेच उमलणार होते."

मालकीणबाईंनी फोटोतल्या लाल दोऱ्यावर बोट ठेवलं.

"फांदी," त्या म्हणाल्या. "ती फांदी मी छाटली."

"हो. पुस्तकाप्रमाणे, एकही चूक न करता. हजार शेवंतींना तीच छाटणी योग्य असते. या एकीला नव्हती, आणि ते पुस्तकाला ठाऊक नव्हतं."

मालकीणबाई आप्पांकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून विचारलंत, कोणी छाटलं. त्याच दिवसापासून ठाऊक होतं!"

"एखादा तरी फुटवा रंग धरेल अशी वेडी आशा होती," आप्पा म्हणाले. "पालापाचोळा उपसला. फांदी वाळून गेली होती, दोरा तेवढा मिळाला. बाईसाहेब, साहेबांना जाऊन पुरता महिना झाला नव्हता. त्यांची शेवटची खूण तुमच्याच हातानं गेली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? चोर म्हणालात, म्हणा. राग काय, आज ना उद्या उतरतो. ते दुसरं तुमच्या मनातून जन्मभर उतरलं नसतं."

"आणि मी?" कंडक्टर रडता रडता त्यांच्यावर ओरडली. "माझा बाप चोर, हे माझ्या मनातून उतरणार होतं? एवढं शहाणपण कुणी शिकवलं तुम्हाला?"

मालकीणबाई फळीचा आधार घेऊन उभ्या होत्या. भाऊजींना वाटलं, वहिनींनी हे सांगायला नको होतं. केवढी क्रूर गोष्ट! तेवढ्यात वहिनी दाराकडे वळून म्हणाल्या, "या आत."

ढालवाले आले. दोन्ही हातांत ती कुंडी होती, आणि नदीपलीकडून आणताना त्यांनी तिच्यावर स्वतःची छत्री धरली होती.

"मालकांना आपला काळ जवळ आलेला कळला होता," वहिनी म्हणाल्या. "एकाच कुंडीवर त्यांचा भरवसा नव्हता. ओल्या कागदात गुंडाळून नेतात ते जिवंत कलम. ते नेलं तेव्हा मालक जिवंत होते, म्हणजे छाटणीच्या आधी. आणि दोऱ्याचा अर्धा तुकडा कलमासोबत गेला. काल ही कुंडी पाहिली नसती, तर खरं सांगायची हिंमत मलाही झाली नसती."

"त्यानं बोलावून घेतलं," ढालवाले म्हणाले. "म्हणाला, भांडण पुरे. शेवंतीतलं माझ्याएवढं कळतं ते तुलाच. हे वाढव. पण उमलून रंग दिसेपर्यंत माझ्या बायकोला अवाक्षर सांगू नकोस, आशेला लावून फसवणूक नको. मी शब्द पाळला. इकडे आप्पावर हे बालंट आलंय, आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी कुंडी खाली ठेवली. सगळ्यात वरची कळी सकाळीच फुटली होती. आतून तांबूस पाकळ्या डोकावत होत्या, टोकाला पांढऱ्या.

मालकीणबाई खाली बसल्या, जमिनीवरच. पुष्कळ वेळ फुलाकडे बघत रडल्या. मग उठल्या आणि आप्पांसमोर हात जोडले. "चौतीस वर्षांच्या माणसाला मी चोर म्हटलं. मला माफ करा. घर तुमचं आहे, कुठेही जायचं नाही."

"हात जोडू नका हो, बाईसाहेब," आप्पा कासावीस झाले. त्यांनी खिशातून छोटा चाकू काढला, धोतराला पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. "एका कुंडीवर भरवसा नको. पानांच्या बगलेत बिनकळीचे फुटवे आलेत. आजच पाच कलमं करू."

"मी? नाही, आप्पा. मी आता जन्मात कात्रीला हात लावणार नाही."

"म्हणून तर तुम्हीच. मी दाखवतो कुठे. हे बघा, या पेराच्या खाली. तिरका काप. भिऊ नका."

मालकीणबाईंनी चाकू हातात घेतला. ढालवाल्यांनी कुंडी घट्ट धरली. आप्पांनी फक्त बोट ठेवून जागा दाखवली, हाताला हात लावला नाही. एक बारीकसा आवाज झाला आणि हिरवा शेंडा त्यांच्या तळहातावर आला.

"चांगला घेतलात," आप्पा म्हणाले. "आता पुढचा."